एव्होराला गेलेला मुराळी

२० जानेवारी, जालना

कंपनीची स्कीम लागली. सकाळी कंपनीचा माणूस दुकानात पेढे घेऊन आला. "भाऊ, तुमचं टार्गेट झालं. पासपोर्टची झेरॉक्स द्या." बियाण्याच्या डीलर लोकांना दरवर्षी बँकॉकला नेतात. मागच्या खेपेला मी गेलो नव्हतो, कारण बँकॉकला गेलेल्या नवऱ्याला परत घरात घेणार नाही असं सुनीताने जाहीर केलं होतं. या वर्षी स्पेन आणि पोर्तुगाल.

पोर्तुगाल ऐकलं आणि पेढा हातातच राहिला. वर्षा तिथं आहे.

घरी आल्यावर अण्णांना सांगायचं कसं ते सुचेना. म्हणून ओसरीवर त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आईला सांगितलं. अण्णा पेपर वाचत होते. बराच वेळ पान उलटलं नाही.

२३ जानेवारी

झोप नीट लागत नाही. वर्षाच्या लग्नाला आठ वर्षं झाली. धाकटी बहीण, एकुलती एक. बी.एस्सी. ॲग्रीला वर्गात होता तो मिलिंद, अंबडचा, बौद्ध घरचा. वडील शाळेत गुरुजी. पोरगा सोन्यासारखा, पण जात आडवी आली. अण्णांनी आरडाओरडा केला नाही, कुणावर धावून गेले नाहीत. एवढंच म्हणाले, "केलंस ना? मंग आता ऱ्हा सुखानं." त्या दिवसापासून तिचं नाव घेतलेलं नाही. वर्षभरात मिलिंदला तिकडच्या विद्यापीठात काम मिळालं नि दोघं गेले.

रविवारी आईला तिचा व्हिडिओ कॉल येतो. आई स्वयंपाकघरात बसून बोलते. फोन वाजला की अण्णा ओसरीवरच्या टीव्हीचा आवाज बारीक करतात. ऐकायचं नसतं तर वाढवला असता.

८ मार्च

व्हिसा आला. आज आईने सामान काढलं. लसणाची चटणी, ज्वारीचं पीठ, धपाटे. मी म्हणालो, आई, वजनाची लिमिट असते. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग ट्रंकेतून हिरवा खण काढला, एक नारळ त्यात गुंडाळला.

"हे कशाला?"

"मूळ म्हणून चाललास ना? मंग मोकळ्या हातानं जातेत का कुठं?"

खरं तर मी स्कीमवर चाललो आहे. पण आईच्या मनात वेगळंच. लेकीला नागपंचमीला माहेरी आणायचं तर भावाने न्यायला जायचं, मुराळी होऊन. मूळ आल्याशिवाय लेक आपली आपण पिशवी उचलून येत नाही. सुनीताला न्यायला तिचा भाऊ दरवर्षी येतो, दाराशी मोटारसायकल लावतो, अण्णांना रामराम घालतो. आणि आमच्या घरच्या लेकीला आठ पंचम्या झाल्या, एकदाही मूळ गेलं नाही. फोनवर मात्र आई दर रविवारी, "ये ना गं, घर तुझंच हाय." ती म्हणते, "येईन की." येत नाही.

आई म्हणाली, "तिला म्हणावं, भाऊ न्यायला आलाय. आता तरी चल."

अण्णा पाण्याला म्हणून आत आले, खण बघितला, पाणी न पिताच बाहेर गेले.

१५ मार्च

निघालो. अण्णा फाटकापर्यंत आले, माझ्या चाकाच्या बॅगेकडे बघत म्हणाले, "कुलूप बराबर लाव." एवढंच. रिक्षा वळली तरी उभे होते.

१९ मार्च, लिस्बन

चार दिवस स्पेन. काय बघितलं ते विचारू नये. बसमधून चढलो-उतरलो, फोटो काढले. खोलीत सोबत तीर्थपुरीचे एक डीलर आहेत. ते दिवसभर "आपल्याकडं ऊन हाय, यांच्याकडं पाणी हाय" करतात नि झोपेत घोरतात. टूरवाल्याने वरण-भाताची सोय केली आहे. सगळे खूश.

उद्याचा दिवस शॉपिंगला मोकळा. मॅनेजरला सांगून टाकलं, मी बहिणीकडे जातो. तो म्हणाला, "अरे वा! इथं बहीण आहे? मग तर तुमचं माहेरच इथं." वेड्याला कोण सांगणार की माहेर तिचं असतं, माझं नाही.

वर्षाला फोन केला. म्हणाली, "बसनं ये. स्टँडवर उभी ऱ्हाते." मग, "गाव दाखवीन तुला."

२० मार्च, बसमध्ये, सकाळ

वर्षाच्या गावाला, एव्होराला चाललो आहे. बाहेर हिरवंगार, माळ चढ-उताराचा, आणि मधे मधे बुटकी झाडं. बुंध्याची साल सोललेली, आत तांबडंलाल. सोललेल्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने एकेक आकडा. खांबांवर करकोच्यांची घरटी. शेतात माणूस दिसत नाही. एवढी जमीन, आणि बांधावर भांडायला कुणी नाही. अण्णांना दाखवायला पाहिजे होतं. त्यांची बांधाची केस अंबडच्या कोर्टात कधीपासूनची चालू आहे. तारीख असली की मीच गाडीवर नेतो. स्टँडवरून कोर्टाला सरळ रस्ता आहे, त्या रस्त्यावर मिलिंदच्या वडिलांचं घर. अण्णा म्हणतात, "मागनं घे, हितं गर्दी असती." गर्दी नसते. आठ वर्षं मागच्या रस्त्याने जातोय.

काय बोलायचं ते मनात जुळवून राहिलो. पहिलं वाक्य सापडत नाही.

दुपार. खानावळीत, ती हात धुवायला गेली आहे तेवढ्यात

स्टँडवर उभी होती. निळं जाकीट, केस कापलेले. भर रस्त्यात वाकून पाया पडली. दोन म्हाताऱ्या बायका थबकून बघत राहिल्या. माझ्या तोंडून काय निघावं? "वाळलीस." ती हसली. "आई बी हेच म्हणती. तुमच्या सगळ्यांच्या डोळ्याला काय झालंय?"

मला वाटलं घरी नेईल. म्हणाली मिलिंद चार वाजता येतो, तोवर गाव बघू. ती इथं एका लहान हॉटेलात कामाला आहे, पाहुण्यांना गाव समजावून सांगायची सवय. पुढे पुढे चालत होती, मी मागे, खांद्यावर आईची पिशवी. गाव कोटाच्या आत. घरं पांढरी, दाराखिडक्यांच्या कडेने पिवळा पट्टा. पोळ्याला भिंती सारवून कडा ओढतात तसा. गल्ल्या इतक्या अरुंद की आपली बैलगाडी अडकेल. चौकात कारंजं, कडेला कमानी, कमानीखाली म्हातारे बसलेले. अगदी जालन्याच्या बाजारातले म्हातारे, फक्त तंबाखू नाही.

मधे मधे विचारत होती. कडुनिंब हाय का, झोक्याचा? (आहे.) विहिरीचं पाणी? (उन्हाळ्यात तळाला.) अण्णांचा गुडघा? हे विचारताना माझ्याकडे बघितलं नाही, दुकानात टांगलेल्या पर्स बघत विचारलं. त्या पर्स त्याच झाडांच्या सालीच्या. बूच! बाटलीचं बूच ज्याचं करतात ते.

रोमन लोकांचं एक देऊळ आहे. नुसते खांब, वर काही नाही. उंच, कोरलेले, निळ्या आभाळात उभे. मी म्हणालो, आपल्याकडे असतं तर एव्हाना शेंदूर लागला असता नि समोर नारळवाला बसला असता. खूप हसली. हसता हसता डोळे पुसले. मला कळेना कुठलं हसू नि कुठलं काय.

मग मोठं चर्च. जिन्याने वर गच्चीवर नेलं. सगळी कौलं, पलीकडे कोट, त्याच्या पलीकडे हिरवी शेतं. वारा असा की बोलणं उडून जावं. मी गंमत म्हणून विचारलं, "जालना कुठंशीक आलं?" तिने विचार केला नाही. हात केला. म्हणजे रोज येऊन करत असावी असा केला. मी त्या बाजूला बघत राहिलो. तिकडे एक ट्रॅक्टर चालला होता, बाकी काही नव्हतं.

आणि एक हाडांची खोली. ही बघायची नव्हती तिला, मीच हट्ट केला. भिंती, खांब, सगळं माणसांच्या हाडांचं नि कवट्यांचं. दारावर काहीतरी लिहिलेलं. विचारलं काय लिहिलंय.

"आम्ही हाडं हितं तुमच्या हाडांची वाट बघून राह्यलो, असं."

"बाप रे."

"आईचा फोन रविवारी असाच असतोय," म्हणाली.

इथं जेवायला पावाचं सूप आलं. लसूण, वर अंडं, आणि कोथिंबीर. अख्खी मूठभर कोथिंबीर वाटून घातलेली! वास आला नि मला वाटलं आई आतून ताट घेऊन येईल. सहा दिवसांत पहिल्यांदा घरची इतकी आठवण झाली की चमचा खाली ठेवला. मी सहा दिवसांत असा, ही आठ वर्षं कशी राहिली असेल? ती आली. नंतर लिहितो.

परतीच्या बसमध्ये, संध्याकाळ

लिहिलंच पाहिजे, नाहीतर मी घरी जाईपर्यंत याचं काहीतरी वेगळंच करून टाकीन.

जेवल्यावर गावाबाहेरून येणारा पाण्याचा पाट बघायला गेलो. उंच उंच दगडी कमानी, वरून पाणी यायचं. गावाजवळ येतात तशा कमानी ठेंगण्या होत जातात, आणि त्या कमानींच्या पोटात लोकांनी घरं बांधली आहेत. दोन खांबांच्या मधे दार, खिडकी, कुंडी, दोरीवर कपडे. बघत उभे राहिलो. मला वाटलं आता नाही विचारलं तर बस सुटेल.

म्हणालो, "वर्षे, पंचमीला चल. आईनं मूळ पाठवलंय. मी न्यायला आलोय तुला." आणि पिशवीतून खणात गुंडाळलेला नारळ काढला. तिथंच, रस्त्यात.

ती नारळाकडे बघत राहिली. हात लावला नाही.

"अंबडला गेल्तास?"

"अंबडला कशाला? तू तर हितं हायस."

"हे भाड्याचं घर हाय, दादा. माझं सासर अंबडला हाय. मुराळी सासरी जातो का सुनंला बाजारात गाठतो?"

मी काहीतरी बोलणार होतो, तिने बोलू दिलं नाही. पण रागावलेली नव्हती. शिकवणीत एखादं गणित सांगतात तसं सांगत होती. "सुनीतावहिनीला न्यायला तिचा भाऊ येतो. तो अण्णांना विचारतो ना आधी? ओसरीवर बसतो, पाणी पितो, मंग म्हणतो, बहिणीला न्यायचं म्हणतो. का परस्पर दुकानात येऊन तुला म्हणतो, चला दाजी, पाठवा?"

"अगं, पण..."

"आठ वर्षं तुम्ही मला एकटीला बोलवून राह्यलात. ये, घर तुझंच हाय. मी काय पळून आलेली हाय का? माझं घर हाय, माणसं हायेत. सातासमुद्रापार आलास, बरं वाटलं रे, लई बरं वाटलं. पण जालन्याहून अंबड किती लांब हाय?"

पाऊण तास. मी सांगितलं नाही. तिलाही माहीत आहे.

मग तिने जे सांगितलं ते लिहायला हात होत नाही. मागच्या दिवाळीच्या तोंडावर ती अंबडला होती. मिलिंदच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून आलेली. आम्हाला कळवलं नाही. गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तेव्हा आम्ही तारखेला आलो होतो, मी नि अण्णा. स्टँडजवळ गाडी थांबली तशी दिसली तिला. "मला वाटलं सरळ येतील. हात वर केल्ता मी. तुम्ही मागच्या रस्त्यानं वळलात."

मला तो दिवस आठवतसुद्धा नाही. कितीदा तसे वळलो.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. मिलिंद आला, जोडे काढून आधी हात धुतले, "दादा, बसा हो निवांत." तिने आईने दिलेलं पीठ काढलं. भाकरी थापायला मिलिंद बसला! म्हणाला, "हिची तुटती, माझी बराबर येती. आमच्या आईनं शिकवलं." खरंच फुगली. पिठलं, भाकरी, आईची चटणी. पोटभर जेवलो. मिलिंद त्या झाडांचं सांगत होता. साल एकदा काढली की नऊ वर्षं झाडाला हात लावायचा नाही, आकडा असतो तो साल काढल्याच्या वर्षाचा. मी हं हं करत होतो. वर्षा मला वाढत राहिली.

निघताना खण-नारळ पिशवीत परत घातला. "मुळाचं सामान सासरी द्यायचं असतंय. अंबडला दे."

मी म्हणालो, त्यांच्यात हे चालतं का? खण-नारळ?

"चालतंय न चालतंय ते आई बघतील. तुम्ही द्या तर."

तिची सासू, "आई". आपली आई पण आईच. दोघींना एकच हाक, दोघींच्या मधे पाऊण तासाचा रस्ता.

बस सुटताना खिडकीशी आली. "दादा, मी न्हाई म्हणत न्हाई. बोलवायचं तर बराबर बोलवा."

बाहेर ती झाडं. अंधारत चाललंय, आकडे दिसत नाहीत.

२४ मार्च, जालना

पोचलो. आईला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. दिवाळीचं पण. नको होतं सांगायला, पण लपवून काय करू? आई हातातलं लाटणं ठेवून खाली बसली. "पाऊण तासावर व्हती माझी लेक." दोनतीनदा तेच. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पण बोलली ते बराबर हाय. माझा भाऊ पंचमीला आला की आधी माझ्या सासऱ्याच्या पाया पडायचा. बाजाराला आला नि डोकावून गेला ते मूळ नव्हं. तवा मी त्याच्यासंगं कधीच गेले न्हाई. हे मला कसं सुचलं न्हाई?"

कसं सुचेल? शिकलेली पोर, परदेशात राहते, विमानाने हिंडते. आम्हाला वाटलं तिला कशाला लागतं मूळ. तिकीट काढलं की आली.

दुपारी अण्णा ओसरीवर. मला म्हणाले, "जेवलास का त्यांच्यात?"

"जेवलो."

"काय केल्तं?"

"पिठलं-भाकरी. भाकरी मिलिंदनं थापल्ती."

"फुगली का?"

"फुगली."

मी उठलो. तेव्हा म्हणाले, "कंच्या गच्चीवरनं?"

मी त्यांना गच्चीचं सांगितलेलं नव्हतं. आतलं ऐकू गेलं असणार. टीव्ही बंद होता.

११ एप्रिल

अंबडच्या बाजूला एका शेतात कंपनीच्या बियाण्याचा प्लॉट दाखवायला गेलो होतो. डिकीत खण-नारळ. ठरवून नेला होता. येताना स्टँडजवळ गाडी थांबवली, सरळ रस्त्याकडे तोंड करून. गुरुजींचं घर दिसतं तिथून, वर गच्ची, कठड्याला निळा रंग. चहा प्यालो. अजून एक प्यालो. परत आलो.

मी गेलो असतो तर मी गेलो असतो, घर गेलं नसतं. मुराळी भाऊ असतो, पण त्याला पाठवणारा बाप असतो. असं मनाला सांगितलं. अर्धं खरं आहे, अर्धी भीती. आठ वर्षांनी त्या दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलू?

नारळ परत आईच्या ट्रंकेत. पोर्तुगाल बघून आला, अंबड बघून आला, कुणी घेत नाही बिचाऱ्याला.

२६ एप्रिल

रविवार. वर्षाचा फोन. आईने पंचमीचं काढलं नाही, तिनेही नाही. कडुनिंबाला मोहर आला का विचारलं. आईने फोन खिडकीतून बाहेर धरून झाड दाखवलं. हवेत फांदी हलत होती, झोक्याची फांदी. तिकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं लाइन गेली. गेली नव्हती.

मला तिची इतकी आठवण येते हल्ली. आधी येत नव्हती असं नाही, पण आधी ती फोनमधली वर्षा होती. आता निळ्या जाकिटातली, चर्चच्या गच्चीवर हात करणारी दिसते.

९ मे

बियाण्याच्या गाड्या उतरायला लागल्या. दिवसभर दुकानात उभा. संध्याकाळी अण्णा कधी नव्हे ते दुकानात आले, पोत्यावर बसले. म्हणाले, "आठरा तारखेला अंबडला जायचंय. तारीख हाय."

मी म्हणालो, हो.

घरी आल्यावर सुनीता म्हणाली, "अहो, मे महिन्यात कोर्टाला सुट्टी नसते का?"

असते. अण्णांची अर्धी हयात कोर्टात गेली. त्यांना माहीत नसेल?

सुनीताला म्हटलं, तू काही बोलू नको. आईला पण सांग. आई म्हणाली, "मला कवाच कळलंय. धोतर धुवायला दिलं त्यांनी, तवाच."

१८ मे

आता संध्याकाळ. सगळं जसं झालं तसं.

सकाळी अण्णा तयार होऊन ओसरीवर. कडक धोतर, टोपी. आईने पिशवी दिली. मी म्हणालो, आई, दोन महिने झाले, आतलं पाणी आटलं असेल, दुसरा नारळ आणतो. अण्णा म्हणाले, "त्योच ऱ्हाऊ दे. तिनं तिकडनं धाडलाय."

अंबडला स्टँडजवळ आलो, मी सवयीने मागच्या रस्त्याला वळायला लागलो. पाठीवर हात टेकला त्यांचा. "सरळ घे."

सरळ घेतलं. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुणी नाही. घराच्या अलीकडे थांब म्हणाले. उतरले. मान वर करून गच्ची बघितली. कुरडया वाळत घातल्या होत्या, वर जुनी साडी अंथरलेली. माणूस नव्हतं. तरी बघत राहिले, उन्हात, टोपीवर हात धरून.

गुरुजी दारात आले. सत्तरीचे, पांढरा सदरा, हातात पेपर. आम्हाला ओळखलं. बाजूला झाले नाहीत, आत या म्हणाले नाहीत. अण्णांकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "कोर्टाला तर सुट्टी हाय आज."

अण्णा म्हणाले, "माहीत हाय."

गुरुजी बाजूला झाले. "मंग बसा."

आत खुर्च्या. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, त्यांच्या खाली वर्षा-मिलिंदचा फोटो. मागे ते खांबांचं देऊळ. मी तिथं उभा होतो हे सांगावंसं वाटलं, पण ती जागा माझी नव्हती बोलायची. गुरुजी म्हणाले, "आठ वर्षं मी हितनं बघतो, तुम्ही स्टँडवरनं मागं वळता. मला वाटायचं तारखेला उशीर होत असंल." हसून नाही म्हणाले. अण्णांनी मान खाली घातली. माझ्या बापाला असं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. वाईट वाटलं. पण गुरुजींचं चूक नव्हतं.

मिलिंदच्या आईने पाणी आणलं. मग चहा. अण्णांनी दोन्ही घेतलं. मी पिशवी पुढे केली, अण्णांनी ती माझ्या हातून घेऊन स्वतः दिली. मिलिंदच्या आईंनी खण उलगडला, नारळ हातात धरून कानाशी हलवला. "वाजत न्हाई हो."

"पोर्तुगालला जाऊन आलाय," मी म्हणालो. त्या एकट्या हसल्या.

मग अण्णा बोलले. आठ वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. "वर्षाला पंचमीला न्यायचं म्हणतो. तुमची परवानगी असली तर."

मला वाटलं आता गुरुजी म्हणतील, न्या की, तुमचीच लेक. आम्हाला तेच ऐकायचं होतं. त्यांनी पेपरची घडी घातली, ती पुन्हा घातली. म्हणाले, "ती कामावर असती. तिची रजा, मिलिंदची रजा. आणि घरात विचारावं लागंल. विचारून कळवतो."

अण्णा म्हणाले, "कळवा." खिशातून पेन काढून स्वतःचा मोबाइल नंबर पेपरच्या कडेला लिहिला. माझा नाही, स्वतःचा.

दारापर्यंत गुरुजी आले. मिलिंदच्या आई मागून म्हणाल्या, "कुरडया न्या थोड्या, ताईंसाठी." पिशवीत घातल्या. मोकळी पिशवी परत देत नाहीत.

येताना अण्णा म्हणाले, "बराबर केलं त्यांनी. मी बी लगीच हो म्हणलो नसतो." पुढच्या वळणावर पुन्हा, "बराबर केलं."

आई फाटकात उभी. "काय म्हणले?"

"कळवतो म्हणले."

आईने कुरडया हातात घेतल्या, एक उचलून बघितली. "बारीक पाडतात बाई." आणि आत जाऊन त्या कुरडया भरायला एक डबा रिकामा करायला लागली.

वर्षाला फोन करायला घेतला होता, ठेवला. हे तिला त्यांच्याकडूनच कळायला पाहिजे.

आत्ता जेवायला बसलो होतो. अण्णांचा मोबाइल वाजला. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. अण्णांनी चष्मा शोधला, लावला, बघितलं.

बँकेचा मेसेज होता.

रोज जेवताना मोबाइल कोनाड्यात असतो त्यांचा. आज ताटाशेजारी ठेवला.